डायल टोन ऐकू न आल्यास दोष कोठे शोधावा



यंत्र चालेनासे झाले की ते बिघडले, असे म्हणून मोकळे होण्याची सवय पुष्कळांना असते. वास्तविक ‘चालत नाही’ ही केवळ तक्रार होय. दोष कोठे आहे, हे तिच्यावरून कळत नाही. तक्रारीपासून दोषापर्यंत पायरीपायरीने जाणे ही एक विद्या आहे, आणि ती प्राथमिक शाळेतही शिकविता येते. तिच्या स्पष्टीकरणासाठी मोडेम या यंत्राचे उदाहरण फार सोयीचे आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. त्या वेळी व पुढेही काही वर्षे घरातील संगणक बहुधा टेलिफोनच्या तारेनेच इंटरनेटला जोडला जाई. संगणकाची माहिती ध्वनीच्या रूपाने तारेवर पाठविणे व आलेल्या ध्वनीतून माहिती परत मिळविणे, हे मोडेमचे काम. आज या पद्धतीची जागा बहुतेक ठिकाणी दुसऱ्या साधनांनी घेतली आहे. तथापि मोडेमची एक नित्याची तक्रार अभ्यासण्याजोगी आहे. ती म्हणजे, ‘डायल टोन नाही.’

या तक्रारीचा अर्थ प्रथम नीट समजून घ्यावा. टेलिफोनच्या दोन तारांवर एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा विद्युत्दाब ठेवलेला असतो. रिसीव्हर उचलताच मंडल पूर्ण होऊन प्रवाह वाहू लागतो. त्यावरून एक्स्चेंजला ग्राहकाची चाहूल लागते व ते सूर पाठविते. हाच डायल टोन. मोडेमही माणसाप्रमाणेच रिसीव्हर उचलल्यासारखे करतो, काही सेकंद कान देतो व सूर न आल्यास तसे कळवितो. म्हणजे ‘सूर ऐकू आला नाही’ एवढेच तो सांगतो. सूर आलाच नाही, वाटेत अडला, की येऊनही ओळखता आला नाही, हे शोधणे माणसाचे काम आहे.

पहिली परीक्षा सर्वांत सोपी. मोडेमची दोरी भिंतीतील खोबणीतून काढून तेथे साधा टेलिफोन जोडावा व कानाने ऐकावे. सूर नसेल, तर घरातील दुसऱ्या जोडटेलिफोनचा रिसीव्हर उचललेला राहिला आहे काय, हे पाहावे. तसे नसल्यास दोष तारेत किंवा एक्स्चेंजकडे आहे. मोडेम उघडून काही साधणार नाही.

सूर असेल, तर दुसरी परीक्षा दोरीची. मोडेमच्या पाठीमागे बहुधा सारखीच दिसणारी दोन भोके असतात. एक तारेसाठी, दुसरे टेलिफोनसाठी. दोरी तारेच्या भोकात आहे ना, टोकाची खिट्टी मोडून ती सैल झाली नाही ना, हे पाहावे. मग टेलिफोनची चांगली ठरलेली दोरी मोडेमला लावावी. मध्ये दुफाटा किंवा लांबवलेली तार असल्यास ती काढून थेट जोडणी करावी.

तिसरी परीक्षा ओळखीची. कचेरीतील अंतर्गत एक्स्चेंजचा सूर निराळा असू शकतो. निरोप साठविण्याची सोय असलेल्या तारेवर तो तुटक येतो. माणसाला तो कळतो, पण मोडेमला कधी कधी कळत नाही. अशा वेळी ‘एक्स ३’ ही आज्ञा दिली असता बहुतेक मोडेम सुराची वाट न पाहता नंबर फिरवितात. मात्र कानाने सूर ऐकल्यावाचून ही आज्ञा देऊ नये. मुक्या तारेवर ती दिल्यास तक्रार तेवढी नाहीशी होते, दोष जागच्या जागी राहतो. एवढे करूनही सूर ओळखला गेला नाही आणि दुसरा मोडेम त्याच तारेवर चालला, तरच पहिला मोडेम बिघडला असे म्हणावे. पावसाळ्यात विजा चमकताना दोरी काढून न ठेवल्यास असे घडू शकते.

या रीतीचे नियम तीन: सोपे ते आधी तपासावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, जे दिसले ते लिहून ठेवावे. दोन गोष्टी एकदम बदलल्यास कशाने गुण आला, हे कधीच कळत नाही.

वर्गात यासाठी दीड व्होल्टचा सेल, छोटा दिवा व तारा पुरेत. एक दोष लपवून ठेवावा व मुलांना तो क्रमाने शोधू द्यावा. टेलिफोनच्या उघड्या तारा मात्र मुलांच्या हाती देऊ नयेत. घंटा वाजताना त्यांवरील दाब बराच वाढतो.

हीच शिस्त शिक्षकाला स्वतःच्या कामातही उपयोगी पडते. वजाबाकी चुकलेल्या मुलाला ‘गणितात कच्चा’ म्हणणे म्हणजे तार न तपासता मोडेम टाकून देणे होय. मुलाने अंक बरोबर वाचले काय, एकक-दशक नीट मांडले काय, हातचा घेतल्यावर दशकातून एक कमी केला काय, हे एकेक करून पाहिले, तर अडलेली पायरी सापडते. शिकवावयाची असते ती तेवढीच पायरी.