शोधयंत्राचे उत्तर आणि सोनगीरचा तांबट

(सोनगीर येथे झालेल्या कार्यकर्ता अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. कापसाचा भाव, पाणी, रोजगार हे प्रश्न दारात उभे असताना शोधयंत्रांचे हे काय काढले, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या गावात मी बोलत आहे त्या गावाचा आणि या विषयाचा पोटापाण्याचा संबंध आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी सोनगीरचे नाव आजचे नव्हे. १८८० सालच्या खानदेश गॅझेटियरनेही येथल्या या कामाची नोंद घेतली आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला हंडे, घंगाळी, पराती दुकानात मांडलेल्या दिसत. रस्ता हीच गावाची जाहिरात होती. आता गिऱ्हाईक घरबसल्या हातातल्या यंत्राला विचारते आणि ते ज्याचे नाव सांगेल त्याच्याकडे वळते. हा नवा रस्ता बांधकाम खात्याचा नाही. त्याचा मोठा भाग एकाच कंपनीच्या मालकीचा आहे.

हे यंत्र चालते कसे, ते थोडक्यात सांगतो. जगभरची पाने ते आधीच वाचून ठेवते, ग्रंथालयाच्या तालिकेसारखी त्यांची सूची करते, आणि तुम्ही प्रश्न टाकलात की सूचीतून पाने काढून त्यांना क्रम लावते. १९९८ साली स्थापन झालेल्या गूगलची मूळ कल्पना अशी होती की, ज्या पानाकडे इतर पाने दुव्याने बोट दाखवतात ते पान वजनदार मानावे. आणि बोट दाखवणारा जितका मातबर तितके त्याच्या मताला मोल अधिक. गावच्या पंचायतीतही कित्येकदा हाच न्याय चालतो! मताला मोल आले की मते विकत घेणारे येतातच. क्रमात वर येण्याच्या या विद्येला ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’, थोडक्यात ‘एसईओ’, म्हणतात. तिचा बराच भाग सरळ आहे: मजकूर नेमका लिहा, शीर्षक खरे द्या, पान चटकन उघडेल असे ठेवा. वाकडा भागही तितकाच मोठा. एकच शब्द पानभर शंभरदा लिहायचा, पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरे दडवायची, पैसे मोजून दुवे मिळवायचे. गूगलने २०११ साली ‘पांडा’ नावाच्या फेरबदलाने भरताड पाने खाली ढकलली, २०१२ साली ‘पेंग्विन’ने विकतच्या दुव्यांना चाप लावला. प्रत्येक वेळी या विद्येच्या व्यापाऱ्यांनी जुने दुकान गुंडाळून नवे थाटले.

मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल २०१९ सालचा. तोवर यंत्र मुख्यतः शब्दाशी शब्द जुळवी. आपल्या भाषेत हंडा, हंड्याला, हंड्यांचे अशी एकाच शब्दाची अनेक रूपे होतात, आणि नुसत्या जुळणीने तेथे गाडे अडते. ‘बर्ट’ नावाच्या पद्धतीने वाक्याच्या संदर्भावरून अर्थ ओळखण्याचा प्रयत्न सुरू झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मराठीसह ७०हून अधिक भाषांना लागू झाली. साध्या मराठीत सरळ लिहिणाऱ्याला यामुळे काहीसा न्याय मिळाला, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. यंत्र आले की वाईटच घडते, अशी माझी समजूत नाही.

खरे वळण त्यापुढचे आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले आणि लोक यंत्राकडे पानांची यादी मागण्याऐवजी थेट उत्तर मागू लागले. गूगलने मे २०२४मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात शोधाच्या माथ्यावर यंत्राने रचलेला सारांश दाखवण्यास आरंभ केला. आपल्याकडे प्रथम इंग्रजी व हिंदीत, मराठीचा क्रमांक त्यानंतर. म्हणजे ग्रंथपाल आता पुस्तक काढून देत नाही. चार पुस्तके चाळून आपणच दोन वाक्ये सांगतो आणि पुस्तकांची नावे कोपऱ्यात बारीक अक्षरात ठेवतो.

यात धोका कोणता? सोनगीरचेच उदाहरण घ्या. आपल्या या टेकडीवर सोनगीरचा किल्ला आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ दुसरा सोनगीर आहे, आणि कर्जतकडे पळसदरीच्या परिसरात सोनगिरी म्हणून आणखी एक गड आहे. पूर्वी दहा दुवे समोर येत; वाचणारा चार उघडी आणि ‘हा आपला नव्हे’ म्हणून बाजूला सारी. सारांश रचणाऱ्या यंत्राने तिन्ही गडांची माहिती एका परिच्छेदात शिजवली, तर वाचणाऱ्याला ते कळायचे कसे? वाक्य तर सफाईदार असते. चूक अडखळत बोलली तर पकडता येते, पण ही घडाघडा बोलते.

दुसरा धोका श्रमाचा आहे. प्यू या अमेरिकन संशोधनसंस्थेने मार्च २०२५मध्ये तेथील ९०० प्रौढांचा शोधव्यवहार तपासला. माथ्यावर यंत्राचा सारांश असेल तेव्हा खालच्या एखाद्या दुव्यावर जाण्याचे प्रमाण ८ टक्के आढळले, सारांश नसेल तेव्हा १५ टक्के. सारांशातच दिलेल्या दुव्यावर जाणारे तर अवघे १ टक्का. ज्याच्या लेखनावर उत्तर रचले त्याच्या दारी कोणी येतच नाही. भरिताच्या वांग्यावर प्रयोग करून कृती लिहिणारी गृहिणी असो वा गड चढून माहिती लिहिणारा तरुण असो, त्यांचे पान कच्चा माल ठरते आणि पक्का माल दुसऱ्याच्या नावाने खपतो. कापूस खानदेशातून जाई आणि कापड मँचेस्टरहून येई, हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, नको असेल तर त्याने नकार द्यावा. २०२३ साली गूगलने आपल्या यंत्राच्या प्रशिक्षणासाठी पान नाकारण्याची सोय दिली खरी. परंतु शोधाच्या माथ्यावरच्या सारांशाला ती लागू नव्हती. तेथून नाव काढायचे तर नेहमीच्या शोधात दिसणाऱ्या आपल्या उताऱ्यावरही पाणी सोडावे लागे. सावकाराच्या वहीवर अंगठा न उठवण्याचे स्वातंत्र्य कुळालाही होतेच की! ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने शोधाच्या क्षेत्रात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निवाडा दिला. फोन व ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे म्हणून त्या कंपनीने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम इतरांना दिली, हे त्याच खटल्यात उघड झाले. सप्टेंबर २०२५च्या आदेशात मात्र कंपनीचे विभाजन न्यायालयाने नाकारले.

एसईओचे व्यापारी स्वस्थ बसलेले नाहीत. यंत्राच्या उत्तरात आपले नाव कसे यावे, याची नवी विद्या निघाली आहे; ‘जीईओ’ हे तिचे एक नाव. प्रिन्स्टन विद्यापीठ आणि दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२३ साली तिचा अभ्यास केला. पानात शब्द ठासून भरण्याचा उपयोग फारसा होत नाही. आधार, अवतरणे आणि आकडे दिलेल्या मजकुराची यंत्र अधिक दखल घेते, असे त्यांना आढळले. हे वाचून मला बरे वाटले, आणि लगेच शंकाही आली. आकडे आणि आधार दिल्याने नाव वर येते हे कळल्यावर खोटे आकडे लिहिणाऱ्यांना कितीसा वेळ लागेल? तेव्हा कोणी एजंट सोनगीरात येऊन ‘यंत्राच्या उत्तरात तुमचे नाव पहिले आणतो, महिना इतके द्या’ म्हणाला तर त्याला पाणी पाजून परत पाठवा. क्रम कंपनीच्या हाती आहे. जे त्याच्या हाती नाही तेच तो विकत आहे.

मग तांबटाने काय करावे? माझे म्हणणे सांगतो, पटले नाही तर चर्चेत खोडून काढा. धुळ्यात १९२६ साली इतिहासाचार्य राजवाडे वारले. त्या माणसाने दप्तरे हुडकत गावोगाव पायपीट केली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. कागद कोठे मिळाला, कोणाच्या घरचा, याला त्यांच्या लेखी कागदाइतकेच मोल होते. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. या यंत्रयुगात आपल्याला हवी आहे ती हीच सवय. हंडा किती वजनाचा, पत्रा किती जाडीचा, ठोके हाताचे की यंत्राचे, कल्हई कधी करावी, भाव काय, घडवणारा कोण, आणि हे कोणत्या तारखेला लिहिले, एवढे स्वच्छ मराठीत लिहून आपल्या मालकीच्या पानावर ठेवावे. गावापुढे तालुका व जिल्हा धुळे असे न विसरता लिहावे. एकट्या कारागिराला हे झेपणार नाही. पाच-दहा घरांनी मिळून एक पान चालवावे. नकाशावर दुकानाची नोंद करायला पैसे पडत नाहीत, ती तर उद्याच करावी.

अहिराणीचे काय? २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे १८ लाख ६० हजारांच्या घरात होते, पण त्या भाषेत छापलेला मजकूर फार थोडा. यंत्र लिहिलेल्यावर पोसते. जे तांबटाच्या तोंडी आहे आणि कागदावर नाही, त्याची यंत्राला गंधवार्ता नसते.

मोबदल्याचा प्रश्नही आता दिल्लीत पोहोचला आहे. डिसेंबर २०२५मध्ये केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने असा प्रस्ताव मांडला की, यंत्रांना प्रशिक्षणासाठी सर्व लेखन वापरू द्यावे आणि कंपन्यांकडून ठरावीक मोबदला घेऊन तो लेखकांना वाटावा. मोबदला हवाच. परंतु या प्रस्तावात लेखकाला नकाराचा हक्क उरत नाही, आणि वाटप कोणापर्यंत पोहोचेल हेही पाहावे लागेल. मोठ्या वृत्तपत्रांची नोंद सहज होईल. ज्याचे ज्ञान दुसऱ्याने लिहून घेतले त्या कारागिराचे खाते कोण उघडणार? या मुद्द्यावर आपल्या शाखांनी ठराव करून पाठवावेत, असे मी सुचवतो.

दुपारच्या सत्रात भाषणे नाहीत. दोघादोघांनी वह्या घेऊन तांबटांच्या दुकानी जायचे आहे. आधी परवानगी विचारा, काम चालू असेल तर ठोका थांबेपर्यंत थांबा, आणि जे लिहाल ते उठण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा.