अर्जदारांचा सन्मान



वार्ताहरांच्या या परिषदेचे अध्यक्षपद वर्षभराचे असले तरी अध्यक्षाने मनातले बोलावे असा प्रसंग एकच येतो, आणि तोही पंगत मांडली जाण्यापूर्वीचा. तेव्हा आपल्या उज्ज्वल परंपरेचे गुणवर्णन कार्यवाहांवर सोपवून, जो विषय मागील अधिवेशनांत 'वेळेअभावी' तहकूब होत आला त्यालाच मी हात घालतो. राजकीय आणि शोधपत्रकारितेच्या गौरवार्थ आपल्याकडे जे पुरस्कार दिले जातात, त्यांपैकी बहुतेकांसाठी पत्रकाराला स्वतः अर्ज करावा लागतो. विहित नमुन्यात, तीन प्रतींत, कात्रणे जोडून आणि संपादकाचा दाखला घेऊन. आपल्या व्यवसायाच्या साऱ्या अधोगतीचे मूळ मला या अर्जात दिसते. कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल. वाटो.

कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याचे लिहिल्यावरून दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, आणि १८८२ साली टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले. ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली होती आणि त्याबद्दल दिलगिरीही प्रकट झाली होती. तरीही सुटकेच्या दिवशी लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, कारण संस्थानी वाड्याच्या बंद दरवाजाआड डोकावण्याची छाती कोणी दाखविली हे लोकांना बरोबर कळले होते. आजच्या निवड समितीपुढे हे प्रकरण आले असते तर छाननीतच बाद होऊन वर लाल शाईने शेरा पडला असता : 'प्रती साक्षांकित नाहीत'. ज्या लोकमान्यांना सरकारने १८९७ मध्ये १८ महिने आणि १९०८ मध्ये सहा वर्षे बहाल केली, त्यांच्या नावाचा जीवनगौरव आता सरकारच देते, आणि तो स्वीकारावयास जाताना आपल्यापैकी कित्येकांच्या खिशात शासकीय जाहिरातींच्या यादीवर साप्ताहिक कायम ठेवावे, अशी विनंतीही घडी करून ठेवलेली असते. स्मृतिव्याख्यानांविषयी न बोललेलेच बरे. दिवंगत संपादकाच्या तसबिरीला हार घालून वक्ते जे स्वतःच्या परदेश दौऱ्यांवर येतात, ते आभारप्रदर्शनापर्यंत मायदेशी परतत नाहीत.

माझ्या तालुक्यात सायकलचे दुकान चालवणारे एक वयोवृद्ध वार्ताहर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. रोजगार हमीच्या पाझर तलावावर मजुरांपेक्षा मस्टरावरील नावेच अधिक आहेत असे त्यांच्या कानावर आले. दुष्काळी उन्हात बांधावर बसून त्यांनी माणसे मोजली, आणि नंतर एका कारकुनाच्या कृपेने हजेरीपट पाहावयास मिळाला तेव्हा चाकाची तार तपासावी तसा डोळ्यांजवळ धरून वाचला. ओळीमागून ओळीत नावे निराळी आणि अंगठा एकच, मधोमध आडवी चीर असलेला. त्यांतली दोन नावे तर आदल्याच वर्षी स्मशानात पोहोचलेली. बातमी एस. टी.च्या कंडक्टरबरोबर जिल्ह्याच्या गावी गेली, छापली गेली, चौकशी लागली, वसुलीही झाली. छापताना वर शब्द होते : 'आमच्या वार्ताहराकडून'. पुढे स्नेह्यांच्या आग्रहास्तव अण्णांनी एका पुरस्काराकरिता अर्ज केला, तेव्हा समितीने विचारले की हे वार्ताहर आपणच, यास पुरावा काय? दाखला देणारे संपादक वारले होते आणि साप्ताहिक बंद पडले होते. राहता राहिली फाईल. तीही वारसांनी रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवली होती.

विषयांतराचा दोष पत्करून सांगतो, की जिल्ह्याच्या साप्ताहिकांच्या बांधीव फायली जपणे हे या परिषदेचे पहिले कर्तव्य आहे. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून अनेक दशके 'दीनमित्र' खेड्यात बसून चालविला. खेड्याच्या कारभाराची साक्ष द्यावयास अशा पत्रांखेरीज दुसरा कागद सापडणे कठीण, आणि ती वाळवीच्या स्वाधीन करून आपण मानचिन्हांसाठी काचेची कपाटे करवून घेतो.

प्रतिपक्षाचा युक्तिवाद मला ठाऊक आहे, कारण ठराव तहकूब करविण्यात वाकबगार असलेले ते गृहस्थ हल्ली दोन निवड समित्यांवर विराजमान असून तिसरीच्या मार्गावर आहेत. ते म्हणतात, अमेरिकेतल्या पुलित्झरसाठीही अर्ज करावा लागतो, वर शुल्कही भरावे लागते. खरे आहे. परंतु ते पारितोषिक कोलंबिया विद्यापीठ देते. ज्याच्या खात्याचे दप्तर उघडले त्याच मंत्र्याच्या हातून शाल घेण्याचा योग तेथे येत नाही. १९८१ साली अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये सिमेंटचे वाटप आणि राज्याच्या मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा ताळा मांडला, आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. आमची रीत तेव्हा लागू असती तर शौरींनी अर्ज तीन प्रतींत भरून त्याच मुख्यमंत्र्यांच्या कचेरीत दाखल केला असता.

आजचा हा मंडप एका आमदारांच्या सौजन्याने उभा आहे, असे कोणी मागच्या रांगेतून कुजबुजत आहे. स्वागत समिती आमची स्नेही आहे आणि ऊन कडक आहे. तो विषय मी घेत नाही.

ठराव असा आहे : या परिषदेचा कोणताही पुरस्कार यापुढे अर्ज मागवून दिला जाणार नाही, निवड समितीने गावोगावची पत्रे स्वतः वाचावीत, बिननावाच्या बातमीमागचा माणूस स्वतः शोधून काढावा, आणि पुरस्कार त्या गावी जाऊन, सत्तेवर नसलेल्या माणसाच्या हस्ते द्यावा. पहिला पुरस्कार अण्णांना मरणोत्तर द्यावा, ही माझी सूचना त्याला जोडून घ्यावी. कार्यवाह आता तो वाचतील. ज्यांना विरोध करावयाचा असेल त्यांनी जागेवर उभे राहून, आपले नाव सांगून करावा. भोजन मतदानानंतर आहे.