स्त्रियांची कर्करोग तपासणी : एका दिवसाच्या शिबिराने भागेल काय?

(संस्थेच्या महिला मेळाव्यात भायखळा येथे केलेले भाषण)



आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करतो आणि पदवी कला शाखेची आहे. तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर आम्ही काय बोलणार, असे आपणास वाटणे साहजिक आहे. परंतु संस्थेच्या बैठकीत यंदाही महिलांसाठी एक दिवसाचे आरोग्य शिबिर भरविण्याचा विषय निघाला, आणि त्यावर आमचे जे म्हणणे आहे ते औषधाचे नसून हिशेबाचे आहे. म्हणून बोलण्याचे धाडस करीत आहोत.

आपल्या बायाबापड्या ज्याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात, तो हा रोग. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. काहींच्या बाबतीत मात्र तो ठाण मांडून बसतो आणि पेशींत हळूहळू बदल घडवितो. हे बदल कर्करोगापर्यंत पोचण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढी मुदत देणारा कर्करोग विरळाच. तरीही २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो होतो आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावतात. कारण उघड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रिया शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत.

कोणी म्हणेल, ही खेड्यापाड्यांची गोष्ट झाली. आपल्या भायखळ्याला दवाखान्यांचा काय तोटा? जे. जे. रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे. नायर जवळ आहे. १९४१ साली सुरू झालेले टाटा रुग्णालय ज्या परळला आहे, ते लोकलने तिसरे स्टेशन. देशभरातून माणसे गाठोडी घेऊन त्या फुटपाथवर येऊन राहतात. आणि भायखळ्याच्या मंडईत पहाटे भाजी उचलणारी, मग चार घरची धुणीभांडी करणारी बाई तिसऱ्या स्टेशनावर जात नाही! दवाखाना जवळ असणे आणि तो आपल्या वाट्याला येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या बाईपर्यंत पोचता येते, हे याच शहरात सिद्ध झालेले आहे. १९९८ साली टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठा अभ्यास हाती घेतला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. तपासणी कोणी केली? बड्या डॉक्टरांनी नव्हे. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे शिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि त्यांनी वस्तीतच तपासणी केली. साधन काय, तर चार टक्क्यांचे असेटिक अॅसिड. चायनीजच्या गाडीवर असते त्या व्हिनेगरचेच हे भावंड. ते कापसाने गर्भाशयमुखाला लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि चांगल्या उजेडात पाहायचे. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. ज्यांना असे आढळले त्यांना पुढील तपासणीसाठी टाटामध्ये बोलावले. अशी तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा झाली. बारा वर्षांचा हिशेब २०१३ साली जाहीर झाला, तेव्हा तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले, ते झाकून ठेवणे बरे नव्हे. तुलनेसाठी घेतलेल्या निम्म्या स्त्रियांना रोगाची माहिती दिली गेली, परंतु तपासणी दिली गेली नाही. करणारे म्हणाले, त्या काळी देशात अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती. टीकाकार म्हणाले, पॅप तपासणी उपयोगी आहे हे जगाला ठाऊक असताना गरीब बायकांनाच का थांबविले? आमच्या मते हा प्रश्न रास्त आहे आणि आपल्या वस्त्यांनी तो विचारलाच पाहिजे. परंतु ज्या ज्ञानासाठी या स्त्रियांनी एवढी किंमत मोजली, ते न वापरणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल.

आता दुसरे उदाहरण पाहू. त्याच सुमारास, १९९९ पासून, तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. तेथे तपासणी एकदाच झाली. एका गटाची एचपीव्हीची चाचणी केली, एका गटाची पॅप, एका गटाची व्हिनेगरची, आणि एक गट नेहमीच्या व्यवस्थेवर ठेवला. आठ वर्षांनंतर एचपीव्हीच्या गटात ३४ मृत्यू, तर नेहमीच्या व्यवस्थेतील गटात ६४. आणि व्हिनेगर? एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यू कमी झाल्याचे ठामपणे दाखविता आले नाही. मुंबईत मात्र तीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, तर जीव वाचले.

शिबिराबद्दल आमचे म्हणणे येथे येते. मंडप, बॅनर, पाहुण्यांचा सत्कार, दोनशे बायकांची तपासणी, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्या दोनशेंपैकी ज्या दहाजणींना मोठ्या रुग्णालयात जायला सांगितले, त्या गेल्या काय? हे कोणत्याच अहवालात आढळत नाही. बँकेत आम्ही पैसे घेतले आणि लेजरला नोंद केली नाही तर संध्याकाळी घरी जाऊ देत नाहीत. मुंबईच्या अभ्यासात वस्तीतील तपासणीला शंभरात सुमारे ८९ स्त्रिया आल्या. ज्यांना पुढे बोलावले त्यांपैकी मात्र सुमारे ७९ जणीच खात्रीच्या तपासणीला पोचल्या. इतकी चोख व्यवस्था असून पाचातली एक बाई वस्ती आणि रुग्णालय यांच्यामध्ये हरवली. आपल्या शिबिरात किती हरवत असतील?

ती का हरवते, हे पुरुषमंडळींनी जरा नीट ऐकावे. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार. पाणी यायच्या वेळेला घरात दुसरे कोणी नसते. पुरुष डॉक्टरसमोर तपासणीला झोपायचे, याची लाज वाटते. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे कानावर पडले की नवरा बाईच्याच चारित्र्यावर संशय घेतो, स्वतःच्या नाही. वास्तविक हा इतका सर्वसाधारण विषाणू आहे की त्यावरून कोणाचेच चारित्र्य ठरत नाही. आणि सर्वांत मोठी भीती, "पिशवी काढून टाकतील." ही भीती अडाणीपणाची नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या. त्यांतल्या कित्येकींना कॅन्सरचीच धास्ती घातली होती. म्हणून बाईला आधीच सांगावे लागते, की पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि बिघडलेला भाग पुष्कळदा पिशवी न काढता, गोठवून किंवा शेक देऊन, त्याच दिवशी नष्ट करता येतो. अंगावरून घाण वासाचे पाणी जात असेल, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल, तर मात्र शिबिराची वाट पाहू नये. सरळ रुग्णालय गाठावे.

सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची व्हिनेगरची तपासणी दर पाच वर्षांनी सांगितली आहे. एचपीव्हीच्या चाचणीत तर नमुना बाई स्वतः, पडद्याआड घेऊ शकते. लाजेचा प्रश्न तेथे बराचसा सुटतो. मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ मध्ये बाजारात आली. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती सर्वांत उपयोगी पडते. पण तिच्या आईला ती आता तारणार नाही, आईची तपासणीच केली पाहिजे.

तेव्हा आमची सूचना अशी. शिबिराच्या मंडपाचा आणि हारतुऱ्यांचा खर्च वाचवावा आणि एक जाड नोंदवही घ्यावी. प्रत्येक चाळीतील, प्रत्येक गल्लीतील ३० वर्षांवरील स्त्रियांची नावे, तपासणीची तारीख, पुढे बोलावले काय, गेली काय, उपचार झाला काय आणि पुन्हा केव्हा, एवढे रकाने पुरेत. निकालाचा रकाना फक्त दोन जबाबदार भगिनींनीच पाहावा. तो चाळीच्या नळावर जाता कामा नये. जिला रुग्णालयात बोलावले असेल तिच्याबरोबर त्या दिवशी एक बाई जाईल. केसपेपर काढील, रांगेत उभी राहील. गाडीभाडे आणि बुडालेला खाडा संस्था देईल. पैशाचे गणित आम्ही मांडून कोषाध्यक्षांकडे दिले आहे, ते मंडपाच्या खर्चात बसते.

महाविद्यालयात जाणाऱ्या ज्या मुलींना आठवड्यातील एक सकाळ देता येईल, त्यांनी आज जाण्यापूर्वी सचिवांकडे नाव लिहावे. पहिली यादी आपापल्या घरातील स्त्रियांपासून करावी.