नियम थोडे, हिशेब उघडा

नाशिक, कोल्हापूर, सांगली, नागपूर, कोणत्याही शहराच्या वाढत्या भागात गेलात तर बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या कॉलनीच्या तोंडाशी रहिवासी संघाचा फलक दिसतो. या संघाचं नेमकं काम काय, त्याचे नियम कोणावर बंधनकारक आणि वर्गणी न देणाऱ्याचं करायचं काय, हे प्रश्न अशा संघांच्या वार्षिक सभेत हमखास निघतात आणि बहुधा वादावादीत विरून जातात. आज त्यांचाच विचार करू. माझं म्हणणं आधीच मांडायचं तर असं: ज्या संघाचं सभासदत्व ऐच्छिक आहे त्याने आधी सेवा उभी करावी आणि मग नियम करावेत, आणि प्रत्येक नियम कोणत्या तरी सेवेला बांधलेला असावा. हा क्रम उलटा झाला की संघाचा फलक तेवढा उरतो.

असं का, ते समजण्यासाठी आपला संघ कायद्याच्या नजरेत कोण आहे हे पाहायला हवं. इमारतीतली सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली चालते. तिला उपविधी असतात, आणि देखभालखर्च थकवणाऱ्याविरुद्ध निबंधकाकडून वसुली दाखला मिळवता येतो. कॉलनीतल्या रहिवासी संघाचं तसं नाही. किमान सात जणांनी एकत्र येऊन 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली तो नोंदवायचा असतो, आणि आपल्या राज्यात अशा संस्थेची सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून धर्मादाय कार्यालयातही नोंद होते. नोंदणीमुळे बँकेत खातं उघडता येतं, करार करता येतो, महापालिकेशी संस्था म्हणून पत्रव्यवहार करता येतो. पण शेजाऱ्याने सभासद झालंच पाहिजे, असं म्हणण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. संघटना स्थापन करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम 19 ने दिलं आहे. एखाद्या संघात न जाण्याची मोकळीकही नागरिकाकडे असते. म्हणजे संघाचा अधिकार लोकांच्या संमतीवर उभा असतो, आणि ही संमती दर वर्षी वर्गणीच्या रूपाने नव्याने मिळवावी लागते.

सक्ती नसेल तर व्यवस्था टिकतच नाही, असं अनेकांना वाटतं. पुरावा मात्र उलट आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं ते याच प्रश्नाच्या अभ्यासासाठी. सामाईक कुरणं, जंगलं, पाट लोकांनी स्वतःच्या नियमांनी शतकानुशतकं कसे सांभाळले, हे त्यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात तपासलं. स्वित्झर्लंडमधल्या टर्बेल गावाचा 1517 सालचा एक नियम त्यात येतो: हिवाळ्यात स्वतःच्या गोठ्यात जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवायच्या. नियम एका ओळीचा, मोजायला सोपा आणि सगळ्यांना दिसणारा. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत याच जातीची. तिथे पाण्याची वाटणी पाटकऱ्याकडे सोपवलेली असे. ज्याच्या मनाला येईल त्याने पाट फोडावा असं चालत नसे. पाटकऱ्याचा मोबदला लाभधारक शेतकरीच देत. ऑस्ट्रॉम यांच्या निष्कर्षांतल्या तीन गोष्टी रहिवासी संघाने उचलाव्यात: नियम ज्यांच्यावर लागू आहे त्यांचा तो करण्यात हात असावा, पहिल्या चुकीला शिक्षा सौम्य असावी, आणि तंटा मिटवण्याची जागा जवळ व कमी खर्चाची असावी.

आता हे कॉलनीत कसं उतरतं ते पाहू. 'सभागृह स्वच्छ ठेवावे' ही इच्छा झाली. तो नियम नव्हे. नियम असा लिहायचा: बारशाला किंवा वाढदिवसाला सभागृह घेणाऱ्याने ठरलेली अनामत भरावी, रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा, पत्रावळी आणि उरलेलं अन्न ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकावं, जागा झाडून किल्ली दुसऱ्या दिवशी सकाळी परत द्यावी, म्हणजे अनामत तिथल्या तिथे परत मिळेल. सेवा काय, अट काय आणि चुकलं तर काय, हे तिन्ही यात आहे. त्यातली दहाची मर्यादा तर उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकापुरती संघाने ठरवलेलीही नाही. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. जिथे कायदा आधीच बोलला आहे तिथे संघाने नवा नियम रचत बसू नये, आहे तो सोप्या मराठीत सूचनाफलकावर लावावा. भटक्या कुत्र्यांच्या वादातही हेच लागू पडतं. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाविषयीच्या 2023 च्या नियमांनी खाऊ घालण्याच्या जागेची व्यवस्था करण्याची जबाबदारी रहिवासी संघाचं नाव घेऊनच सांगितली आहे: जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून आणि प्रवेशदारापासून दूर असावी, वेळ ठरलेली असावी. खाऊ घालणाऱ्या ताईंशी रोज हुज्जत घालण्यापेक्षा जागा आणि वेळ ठरवणारा एक ठराव अधिक उपयोगी पडतो.

सेवा म्हटली की पैसा आला, आणि विश्वास सर्वांत लवकर उडतो तोही इथेच. वर्गणीच्या पावतीवर अनुक्रमांक, तारीख, रक्कम आणि ती कशासाठी घेतली हे चारही हवं. नुसतं 'वर्गणी' लिहून भागत नाही. रखवालदार, बाग, सण असं वेगळं लिहावं, कारण गणपतीसाठी दिलेले पैसे बोअरच्या मोटारीवर खर्च झाले की पुढच्या वर्षी दोन्ही थांबतात. खातं दोन सह्यांचं असावं. महिन्याचा जमाखर्च एका कागदावर लिहून फलकावर लावावा. नोंदणीकृत संघाने हिशेबतपासणी करून घ्यावी, आणि कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा. हा अर्ज न दिल्यामुळे जुन्याच मंडळींची नावं कागदावर राहतात आणि भांडण झालं की खरा अध्यक्ष कोण यावरच वर्षं जातात. रखवालदार एजन्सीकडून घेत असाल तर 2005 च्या खासगी सुरक्षा कायद्याखालचा तिचा परवाना मागून पाहावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो फुकट्यांचा. दिवे सगळ्यांसाठी लागतात, रखवालदार सगळ्यांच्या दारावरून फिरतो, मग पैसे निम्म्यांनीच का द्यायचे? आक्षेप खरा आहे. मॅन्कर ओल्सन यांनी 1965 मध्येच दाखवलं की लाभ सगळ्यांना आपोआप मिळत असेल तर अनेकजण हात आखडता घेतात. यावर उपाय सेवांची विभागणी करण्यात आहे. सभागृह, प्लंबर-इलेक्ट्रिशियनशी ठरवलेले दर, टाकी धुण्याचं सामुदायिक कंत्राट, गावाला गेल्यावर घरावर लक्ष, या सेवा फक्त सभासदांना देता येतात किंवा इतरांना जास्त दराने. रखवालीसारख्या सामाईक सेवेचा खर्च मात्र देणाऱ्यांच्या संख्येवरच आखावा. चाळीस घरांपैकी पंचवीस देत असतील तर पंचविसांच्या पैशात भागेल तेवढीच सेवा घ्यावी. सगळे देतील हे धरून करार करणारा खजिनदार सहा महिन्यांत कर्जात जातो.

दुसरा आक्षेप जास्त आक्रमक असतो: भीती नसेल तर कोणी ऐकत नाही, म्हणून थकबाकीदाराच्या मोलकरणीला फाटकावर अडवा, त्याचं नाव फलकावर लावा, गल्लीचं फाटक बंद करा. इथे कार्यकारिणीने फार सावध राहावं. कॉलनीतला रस्ता महापालिकेच्या ताब्यात असेल तर त्यावर परवानगीशिवाय फाटक बसवता येत नाही. एखाद्याला त्याच्या हक्काच्या वाटेने जाण्यापासून अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 खाली गुन्हा आहे, आणि तो अडवणाऱ्या माणसावर दाखल होतो, म्हणजे बहुधा बारा तास उभ्या असलेल्या गरीब रखवालदारावर. शिवाय अपमान झालेला शेजारी वर्गणी तर देत नाहीच, पुढच्या सभेत चार घरं आपल्या बाजूला ओढून आणतो. ऐच्छिक संघाची सर्वांत मोठी शिक्षा एवढीच असावी की त्या सेवेचा लाभ थांबावा, आणि तीही आधी तोंडी, मग लेखी सांगून.

तिसरा प्रश्न तत्त्वाचा आहे. मालमत्ता कर भरतो, मग कचरा आणि दिवे आम्ही का पाहायचे? कर भरणाऱ्याने महापालिकेकडून काम करून घेतलंच पाहिजे, यात वाद नाही. पण काम करून घेणं ही सुद्धा एक सेवाच आहे, आणि ती एकट्याला जमत नाही. मुंबईत गेल्या शतकाच्या अखेरीस घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा वर्गीकरणाचं काम हाती घेतलं आणि त्या धर्तीवर महापालिकेने एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) नावाने गल्लीनिहाय नागरिक गटांची पद्धत शहरभर सुरू केली. तिचं मर्म देवाणघेवाणीत होतं: रहिवाशांनी ओला-सुका कचरा वेगळा द्यायचा आणि पालिकेने त्यांच्या तक्रारींना अग्रक्रम द्यायचा. 2016 च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या वसाहतींच्या रहिवासी संघांवर वर्गीकरणाची जबाबदारी टाकली तीही याच दिशेने. तारीख आणि फोटो जोडून पाठवलेलं, तीस घरांच्या सह्यांचं पत्र वॉर्ड कार्यालयात नोंदवून घेतलं जातं. एकेकट्याची तोंडी तक्रार हवेत जाते.

भाडेकरूंबद्दल एक शब्द. पुष्कळ संघ फक्त मालकांना सभासद करतात. मालक पुण्यात किंवा दुबईत आणि घरात राहणारं कुटुंब नियमांखाली, अशी स्थिती मग होते. जो रोज कचरा देतो, गाडी लावतो, त्याला निदान सेवांच्या बाबतीत मत हवं. मालमत्तेचे मोठे खर्च तेवढे मालकांच्या मताला राखावेत.

तेव्हा येत्या वार्षिक सभेपूर्वी आपल्या संघाचे नियम एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे लिहा की तो कोणत्या सेवेसाठी आहे. ज्याच्यापुढे काही लिहिता येणार नाही तो सभेत रद्द करायला ठेवा. नियमांची यादी आटोपशीर झाली की ती पाळली जाते का हे पाहायला माणसं पुरतात आणि वर्गणी मागायला दारी गेलेल्या खजिनदाराला सांगण्यासारखंही काही असतं.