दहाची बाटली आणि आपलं सरबत
(मांजरीच्या मासिक बैठकीतील भाषण)



1977 साली भारतातून गेलेली कोका-कोला 1993 ला परतली. तेव्हा तिने पारलेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकत घेतले. का? लोकांच्या तोंडी बसलेलं नाव आयतं मिळालं. 1996 च्या क्रिकेट विश्वचषकात कोक अधिकृत पेय होतं, पण पेप्सीने त्या 'अधिकृत'चीच थट्टा केली आणि ती जाहिरात गाजली. 2023 मध्ये रिलायन्सने जुना कॅम्पा परत आणला, छोटी बाटली दहा रुपयांत.

मागच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "मॅडम, मग आपलं कोकम सरबत पण दहालाच देऊ." मी म्हटलं, आधी हिशोब मांडा. कोकम, साखर, बर्फ, ग्लास धरून खर्च निघाला बारा रुपये! शंभर ग्लासामागे दोनशेचा तोटा, आणि भांडवल गटाच्या कर्जाचं. कंपनी तोटा वर्षभर सोसते, आपला एक हप्ताही थकायला नको.

म्हणून भाव वीसच ठेवा. गिऱ्हाईकासमोर ताजं करून द्या, गटाचं नाव ठळक लिहा. लग्नकार्य, हळदीकुंकवाच्या ऑर्डरी आधीच धरा. आणि कुणी फुकट फ्रीज देतो म्हटलं, तर त्यात आपलं सरबत ठेवता येईल का, हे सहीआधी विचारा.