प्राथमिक शाळेतील धर्मशिक्षण



समाजाने चालविलेल्या प्राथमिक शाळेत धर्म कसा शिकवावा, हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. भारतीय संविधानाच्या कलम २८ नुसार शासनमान्य वा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीविना बालकावर धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. ही मर्यादा अनेकांना अडचणीची वाटते. वस्तुतः ती जैन दृष्टीशी सुसंगतच आहे. जेथे अनेकान्त आहे, तेथे सक्तीला स्थान कोठले?

आठ वर्षांचे मूल णमोकार मंत्र सहज मुखोद्गत करते. परंतु आचरणाविना पाठांतर विस्मरणात जाते. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले. त्यांत कमी-अधिक मापे वापरणे हाही एक आहे. मुलाच्या हाती मीटरपट्टी देऊन कापड मोजावयास लावावे आणि विचारावे, "चार बोटे कमी दिली, तर नुकसान कोणाचे?" गणिताच्या तासातच अचौर्य शिकविले जाईल आणि शेजारच्या बाकावरील अन्यधर्मीय मुलालाही ते परके वाटणार नाही.

स्तोत्र, सामायिक, पूजाविधी यांसाठी रविवारची पाठशाळा आहे. तेथे मुले स्वेच्छेने यावीत. मात्र या सर्व शिक्षणाची कसोटी घरी आणि दुकानात लागते. वडिलांचेच माप खोटे असेल, तर कोणताही शिक्षक मुलाला ते व्रत शिकवू शकणार नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात हा धडा प्रथम पालकांनी गिरवावा, हीच नम्र प्रार्थना.

जय जिनेंद्र.