रंगांचा शोध आणि उमेदवारीची वर्षे



मंडईतला टोमॅटो भर दुपारी लाल दिसतो आणि घरी दिव्याच्या पिवळ्या उजेडातही लालच दिसतो. वास्तविक दोन्ही वेळी त्यावरून डोळ्यात येणारा प्रकाश निराळा असतो. मग रंग एकच कसा? कारण रंग पाहणे हे एकट्या डोळ्याचे काम नाही. डोळ्याच्या पडद्यावर शंकूसारख्या पेशींच्या तीन जाती असतात. त्यांतली एकही जात एकटी रंग सांगू शकत नाही. तिघींच्या साक्षी ताडून निवाडा करावा लागतो. ती तुलना पडद्यातच सुरू होते आणि निकाल मेंदूत लागतो.

ज्याची एखादी साक्ष हरवली, त्याचे काय होते? अणुसिद्धान्ताचे जनक जॉन डाल्टन यांना, इतरांना गुलाबी दिसणारे जिरॅनियमचे फूल दिवसा निळे दिसे. १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे त्यांनी आपल्या या दृष्टिदोषावर व्याख्यान दिले. डोळ्यातला द्रव निळसर असावा, हा त्यांचा तर्क. मृत्यूनंतर डोळे तपासावेत, असे त्यांनी सांगून ठेवले होते. १८४४ साली तपासणी झाली. द्रव स्वच्छ निघाला. तर्क खोटा ठरला, पण डोळ्याचे अवशेष जपून ठेवले गेले. १९९५ साली त्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासले, तेव्हा मधल्या लहरींची साक्ष देणारी जात त्यांच्यापाशी नव्हतीच, असे निष्पन्न झाले. एका प्रश्नाच्या उत्तराला दीडशे वर्षे लागली!

अशा प्रश्नांमागे लागणारी माणसे कशी घडतात, हे मला आज मुख्यतः सांगायचे आहे. पीएच.डी. झाली की शिक्षण संपले, असे आपण समजतो. विज्ञानात तेथून खरी उमेदवारी सुरू होते. पदवीधर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षे राहतो, नवी हत्यारे हाताळतो आणि स्वतःचा प्रश्न शोधतो. स्वीडनचे टॉर्स्टेन वीझल १९५५ साली बाल्टिमोरला स्टीफन कफलर यांच्याकडे असेच आले. १९५८ साली कॅनडाचे डेव्हिड ह्युबेल त्यांना मिळाले. मांजराच्या मेंदूतील पेशी ठिपके दाखवून जागी होईना. पण काचपट्टी सरकवताना तिच्या कडेची सावली पडली आणि ती पेशी खडखडून बोलू लागली. मेंदू ठिपक्यांहून कडा नि रेषा शोधतो, हे त्यातून कळले. १९८१ साली दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

त्यांनी पुढे दाखवले की, मांजराच्या पिलाचा एक डोळा बालपणी झाकून ठेवला, तर तो उघडल्यावरही मेंदू त्याचे ऐकत नाही. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळावर लवकर शस्त्रक्रिया करावी, या आग्रहाला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. उमेदवारांच्या त्या चिकाटीचे ऋण आज अनेक घरांवर आहे.

पण गोष्ट तेथे संपत नाही. २००९ साली अमेरिकेत दोन प्रौढ, रंगांध माकडांच्या डोळ्यात मानवी जनुक सोडण्यात आले. काही महिन्यांनी ती तांबडा-हिरवा भेद ओळखू लागली. त्यांतल्या एकाचे नाव होते डाल्टन! म्हणजे बालपणी काही दारे बंद होतात, आणि काही प्रौढपणीही उघडतात. कोणती कोणती? माकडांच्या मेंदूने जुन्याच तारांचा नवा उपयोग केला काय? हे प्रश्न आजच्या उमेदवारांचे आहेत. येथे जीवशास्त्रज्ञाइतकाच गणिती, भौतिकीचा पदवीधर आणि अभियंताही लागतो. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था किंवा मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, यांसारख्या ठिकाणी आपल्या देशातही मेंदूवर संशोधन चालते. परदेशी जाणाऱ्यांसाठी शिष्यवृत्त्या असतात.

या वाटेवर सुख फार आहे, असे मी म्हणणार नाही. नेमणूक मुदतीची, वेतन बेताचे आणि पुढच्या नोकरीची हमी नाही. त्यात घरून सवाल येतो, “तिशी आली, अजून शिकतेसच का?” माझी विनंती एवढीच, की त्या मुलीला हा सवाल करण्याऐवजी तिचा प्रश्न काय आहे, ते विचारा. उत्तर देताना तिचे डोळे चमकले, तर आणखी दोन वर्षे तिच्या पाठीशी उभे राहा.